परक्या रानातली पेरणी : प्रस्तावना

२०१७ च्या ऑगस्टमध्ये सिएटलला टीम लिक्विड या संघाने ‘डोटा २’ची सर्वांत मानाची स्पर्धा, ‘द इंटरनॅशनल’, जिंकली, तेव्हा विजेत्यांच्या वाट्याला सुमारे १ कोटी ८ लाख डॉलर आले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कोपनहेगनला त्याच नावाच्या संघाने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. दोन्ही वेळा अंतिम सामना ३-० असा एकतर्फी झाला. या खेपेला मात्र हाती आले ते १२ लाखांच्या आसपास. खेळ तोच, चषक तोच, जर्सीवरचा घोडाही तोच; सात वर्षांत बक्षीस जवळजवळ नवव्या हिश्शावर आले. खेळाडूंचे कसब उणे झाले म्हणून हे घडले नाही. खेळाची मालक असलेली व्हॉल्व्ह कंपनी ‘बॅटल पास’ नावाची एक वस्तू प्रेक्षकांना विकत असे आणि त्या विक्रीचा चौथा हिस्सा बक्षिसात घालत असे. २०२१ मध्ये या वाटेने बक्षिसाची एकूण रक्कम ४ कोटी डॉलरवर गेली होती. २०२३ मध्ये कंपनीने बॅटल पास सोडला आणि रक्कम तीस लाखांच्या घरात उतरली. या निर्णयात संघांना मत नव्हते. हे पुस्तक ज्या प्रश्नाभोवती उभे आहे, तो या दोन आकड्यांत दडलेला आहे.

ई-स्पोर्ट्सचा क्लब म्हणजे काय, हे नव्या वाचकाने आधी नीट पाहावे. क्रिकेटचा क्लब म्हटले की एक खेळ, एक मैदान, अकरा खेळाडू आणि मागे एखादे गाव किंवा पेठ असे चित्र डोळ्यांपुढे येते. टीम लिक्विडसारख्या क्लबात यातले फारसे काही सापडत नाही. एकाच नावाखाली ‘डोटा’चे पाच जण असतात, ‘काउंटर-स्ट्राइक’चे दुसरे पाच, ‘लीग ऑफ लेजेंड्स’चे आणखी पाच, शिवाय एकेकट्याने खेळायच्या खेळांचे गडी वेगळेच. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये एक बाजू बॉम्ब पेरू पाहते आणि दुसरी तिला अडवते, तिथे नेम आणि अंदाज यांची परीक्षा. ‘डोटा’ आणि ‘लीग’मध्ये प्रत्येक जण शंभराहून अधिक पात्रांतून आपले एक निवडतो आणि समोरच्याची गढी पडेपर्यंत झुंजतो, तिथे पाच जणांचा मेळ आणि दूरची चाल महत्त्वाची. एकातला निष्णात दुसऱ्यात नवखाच ठरतो. म्हणून प्रत्येक संघाला वेगळा प्रशिक्षक लागतो, प्रतिस्पर्ध्यांचे सामने पुन्हापुन्हा तपासणारा विश्लेषक लागतो, आणि ‘स्क्रिम’ म्हणजे सरावाच्या सामन्यांचे वेगळे वेळापत्रक लागते. त्यात कंपनी अधूनमधून ‘पॅच’ सोडते आणि काल बलाढ्य असलेले पात्र आज लंगडे होते. मोसम ऐन भरात असताना पाटा खेळपट्टी एका रात्रीत फिरकीची व्हावी, तसा हा प्रकार.

इतक्या वेगवेगळ्या खेळांत पसरायचे तरी कशाला? जास्त चषक, जास्त चाहते, जास्त प्रायोजक, हे नेहमीचे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. माझे म्हणणे असे की हा पसारा मुळात कुळाचे शहाणपण आहे. क्लब ज्या खेळावर जगतो तो खेळ त्याच्या मालकीचा नसतो. रान कंपनीचे, राबणारे क्लबचे, आणि पिकातला कुळाचा वाटा किती हे दरसाल ठरवणार मालकच. अशा कुळाने सगळे बियाणे एकाच मालकाच्या तुकड्यात टाकले, तर मालकाचे मन फिरताच चूल विझायची. म्हणून क्लब चार मालकांच्या चार रानांत पेरतो. आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कायद्यात उतरली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन कुळांच्या मालकीचा दिवस ठरला. व्हिडिओ गेमच्या दुनियेत तसा दिवस उगवलेला नाही आणि उगवण्याची चिन्हेही नाहीत.

आरंभी मात्र कुंपण नव्हते. स्टॅनफर्ड विद्यापीठातली १९७२ सालची ‘स्पेसवॉर’ स्पर्धा किंवा अटारीने १९८० मध्ये भरवलेली ‘स्पेस इनव्हेडर्स’ची स्पर्धा ही या क्षेत्राची पूर्वपीठिका, क्लब जन्मले ते इंटरनेट आल्यावर. ‘क्वेक’ खेळणाऱ्या टोळक्यांना ‘क्लॅन’ म्हणत. जर्मनीतल्या अशाच एका क्लॅनमधून १९९७ मध्ये एसके गेमिंग उभा राहिला, स्वीडनमध्ये २००० साली निन्जाज इन पायजामाज. ज्या खेळांवर हे क्लब वाढले तेही बऱ्याच अंशी हौशींनीच घडवले होते. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या गेमवर बेतला. ‘डोटा’ ‘वॉरक्राफ्ट ३’च्या नकाशांवर चाहत्यांच्या हातून आकाराला आला. ही गायरानाची अवस्था होती. जनावरे चरत होती, मालकाचे लक्ष नव्हते. कुंपणाची पहिली जाहीर लढाई दक्षिण कोरियात झाली. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर तिथे ब्रॉडबँड आणि ‘पीसी बांग’ म्हणजे संगणकाचे अड्डे झपाट्याने पसरले, १९९८ मध्ये आलेला ‘स्टारक्राफ्ट’ घराघरांत पोचला, २००० साली ई-स्पोर्ट्सची संघटना स्थापन झाली आणि सामने दूरचित्रवाणीवर दिसू लागले. एका अमेरिकी गेमचा कोरियाने अक्षरशः राष्ट्रीय छंद केला. तरीही २०१० मध्ये प्रक्षेपणाच्या हक्कांवरून ब्लिझार्ड कंपनी आणि कोरियन संघटना यांच्यात वाद पेटला, तो कोर्टापर्यंत गेला आणि २०११ मध्ये तडजोड झाली ती कंपनीची मालकी मान्य करूनच. गायरानावर कुणाचे नाव आहे, ते त्या दिवशी सगळ्यांना कळले.

पुढे क्लब चालवण्याच्या चार तऱ्हा घडत गेल्या. कोरियन तऱ्हा मोठ्या उद्योगसमूहांची: एसके टेलिकॉमने २००४ मध्ये संघ उभा केला, खेळाडू एकत्र राहत, दिवसाचा बहुतेक वेळ सरावात जाई, आणि भर खोलीवर असे, विस्तारावर नव्हे. त्याच परंपरेतल्या टी१ क्लबसाठी ली सांग-ह्योक, म्हणजे ‘फेकर’, २०१३ पासून खेळतो आहे आणि २०२५ पर्यंत त्याने ‘लीग ऑफ लेजेंड्स’ची सहा जागतिक विजेतेपदे मिळवली, सगळी एकाच घराण्यासाठी. युरोपीय तऱ्हा क्लॅनमधून आलेली: लंडनचा फ्नॅटिक, एसके, निन्जाज आणि आपला लिक्विड, मित्रमंडळ ते कंपनी असा प्रवास आणि हळूहळू अनेक खेळ. अमेरिकी तऱ्हा गुंतवणूकदारांची: २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेच्या ‘लीग’ स्पर्धेतली कायमची जागा १ कोटी डॉलरला, तर ‘ओव्हरवॉच लीग’मधली २ कोटी डॉलरला गेल्याच्या बातम्या होत्या; सामन्यांइतकेच महत्त्व व्हिडिओ, कपडे आणि प्रसिद्धी यांना. चौथी तऱ्हा सर्वांत नवी, आखाती राजसत्तेच्या पैशांची. तिच्याकडे पुढे येतो.

टीम लिक्विड या चारांच्या चौकात उभा आहे, म्हणून या पुस्तकाने त्याला मध्यभागी घेतले ते योग्यच झाले. व्हिक्टर गूसेन्स या डच तरुणाने २००० साली ‘स्टारक्राफ्ट: ब्रूड वॉर’ खेळणाऱ्यांचा एक क्लॅन सुरू केला. त्याला लवकरच संकेतस्थळाची जोड मिळाली, आणि कोरियातल्या सामन्यांच्या बातम्या वाचायला जगभरचे लोक तिथे जमू लागले. पगारी खेळाडू आले ते २०१० मध्ये, ‘स्टारक्राफ्ट २’बरोबर. म्हणजे जवळजवळ दहा वर्षे या क्लबाकडे वाचक होते, व्यवसाय नव्हता. २०१२ मध्ये ‘डोटा २’ आला, २०१५ मध्ये टीम कर्स या अमेरिकी संघाशी विलीनीकरण झाले, २०१६ मध्ये मॅजिक जॉन्सन, पीटर गुबर, टेड लिओन्सिस अशी नावे असलेल्या गुंतवणूकदार गटाने मोठा हिस्सा घेतला. युट्रेक्ट आणि लॉस एंजेलिस असे दोन तळ झाले. २०१८ आणि २०१९ मध्ये उत्तर अमेरिकेच्या ‘लीग’ स्पर्धेची लागोपाठ चार विजेतेपदे आली. २०१९ मध्येच ‘काउंटर-स्ट्राइक’च्या संघाने चार मोठ्या स्पर्धा ६३ दिवसांत मारून १० लाख डॉलरचे ‘ग्रँड स्लॅम’ खिशात घातले.

आता पुरावा दुसऱ्या बाजूचा. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ब्लिझार्डने ‘हीरोज ऑफ द स्टॉर्म’ची जागतिक स्पर्धा पुढच्या वर्षी होणार नाही असे एका निवेदनाने जाहीर केले. त्या खेळावर पोट असलेले सगळे व्यावसायिक संघ एका दिवसात बेकार झाले. लिक्विडचाही त्यात एक संघ होता. तो संघ गेला, क्लब राहिला, कारण इतर रानांत पीक उभे होते. ‘ओव्हरवॉच लीग’ने शहरांच्या नावांचे संघ, घरची मैदाने आणि कायमच्या जागा देऊ केल्या, २०२३ मध्ये ती मिटली, कोट्यवधी देऊन घेतलेल्या जागांसकट. सगळे मालक सारखे नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये व्हॉल्व्ह बाहेरच्या आयोजकांना मोकळीक देते, आणि आयोजकांनी काही क्लबांशी राखीव जागांचे सौदे करू नयेत असा तिचा नियम २०२५ पासून लागू झाला. ‘लीग’ आणि ‘व्हॅलोरंट’ या खेळांची मालक असलेल्या रायट कंपनीने २०२३ पासून ‘व्हॅलोरंट’च्या भागीदार संघांकडून प्रवेश शुल्क घेण्याऐवजी त्यांनाच मानधन देणे सुरू केले. पण उदार मालक हाही मालकच. औदार्य द्यायचे की काढून घ्यायचे, हा अधिकार त्याच्याकडेच राहतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की क्रिकेटचे संघही मंडळाच्या मर्जीवरच जगतात. आयपीएलचा संघ बीसीसीआयपुढे काय करू शकतो? साम्य आहे, पण मुळाशी फरक आहे. मंडळाकडे स्पर्धा असते, क्रिकेट नसते. १९७७ मध्ये केरी पॅकरने जगातले नामवंत खेळाडू पळवून स्वतःची मालिका खेळवली, २००७ मध्ये भारतात इंडियन क्रिकेट लीग निघाली. मंडळांनी बहिष्कार घातला, पण चेंडू-फळीवर बंदी आणता आली नाही. रायटच्या सर्व्हरवाचून ‘लीग ऑफ लेजेंड्स’ची व्यावसायिक स्पर्धा भरवून दाखवा, असे कुणालाच म्हणता येणार नाही. इथे नियम, मैदान, चेंडू आणि पंच हे सगळे एकाच कंपनीचे उत्पादन आहे. ‘हा खरा खेळ आहे का’ या वादात म्हणूनच फार वेळ घालवू नये. बुद्धिबळाला घाम न गाळता खेळाचा मान मिळाला. प्रश्न घामाचा नव्हे, मालकीचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ‘डोटा’च्या खेळाडूचे कसब ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये चालत नसेल, तर क्लब म्हणजे एका पाटीखाली भाड्याने दिलेले गाळे झाले; त्याला संघ कशाला म्हणायचे? याचे उत्तर लिक्विडच्या दोन विजयांतच आहे. २०१७ मध्ये जिंकलेल्या संघातले बहुतेक खेळाडू २०१९ मध्ये कर्णधार कुरो तखासोमीसह क्लब सोडून गेले आणि त्यांनी निग्मा हा स्वतःचा संघ काढला. गाळेवाला उठून गेला तर गाळा रिकामा पडतो. लिक्विडने मात्र नवे पाच घेतले आणि पुढची काही वर्षे मोठा चषक हाती आला नाही तरी गाभा मोडला नाही. २०२४ च्या विजयात २०१९ साली आलेल्यांपैकी तिघे होते, कर्णधार इन्सेनियासह. एका खेळातून दुसऱ्या खेळात कसब जात नाही, पण धीर धरण्याची रीत जाते. सरावाची जागा, मानसोपचारतज्ज्ञ, आकडेवारी सांभाळणारे, व्हिसा आणि करार पाहणारे, हरलेल्या संघाला मुदत देणारे व्यवस्थापन, ही भांडवलाची खरी यादी; ती कुठल्याही कंपनीच्या पॅचने पुसली जात नाही.

तिसरा आक्षेप अनुभवाचा. अनेक रानांत पेरणारेही बुडालेच ना? बुडाले. १९९९ चा एव्हिल जीनियसेस हा क्लब २०१५ मध्ये ‘द इंटरनॅशनल’ जिंकला, २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘व्हॅलोरंट’चा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षअखेरीस उत्तर अमेरिकेच्या ‘लीग’ स्पर्धेतून बाहेर पडला. टीएसएम या क्लबाने २०२१ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीशी १० वर्षांसाठी २१ कोटी डॉलरचा नामकरणाचा करार केला. पुढच्याच वर्षी एफटीएक्स दिवाळ्यात गेली. फेझ क्लॅन २०२२ च्या जुलैमध्ये ७२ कोटी ५० लाख डॉलरचे मोल सांगत शेअर बाजारात उतरला आणि २०२३ मध्ये सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरच्या शेअरांच्या बदल्यात त्याच्या विक्रीचा करार झाला. गुंतवणुकीचा पाऊस थांबला की दुष्काळ चारही रानांत एकदमच पडतो. पसारा हा एका मालकाच्या लहरीवरचा विमा आहे, दुष्काळावरचा नाही. त्यासाठी कुळाकडे स्वतःचे म्हणता येईल असे काहीतरी लागते, आणि ते नेमके काय असू शकते, हा या पुस्तकाचा खरा शोध आहे.

कुळाची बाजू घेताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. क्लबापुढे कंपनी जशी, खेळाडूपुढे क्लब तसा. ‘ट्फ्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टर्नर टेनीने २०१९ मध्ये फेझ क्लॅनवर जाचक करारावरून दावा केला; २०२० मध्ये तडजोड झाली, पण तोवर कोवळ्या वयात सही केलेले कागद सगळ्यांनी वाचले होते. विशीतच कारकीर्द उतरणीला लागणाऱ्या या धंद्यात खेळाडू हा कुळाचेही कूळ आहे. क्लबाची थोरवी मोजताना चषकांच्या शेजारी त्याचे करारही ठेवले पाहिजेत.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का, याचे एक उत्तर रियाधमध्ये आहे. २०२४ मध्ये तिथे ‘ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप’ सुरू झाला. त्या वर्षी एकूण बक्षीस ६ कोटी डॉलर, आणि त्यात क्लबांसाठी वेगळे अजिंक्यपद. अनेक खेळांतल्या गुणांची बेरीज करून सर्वश्रेष्ठ क्लब ठरतो. म्हणजे आजवर जो पसारा बचावाचा डाव होता, तोच स्पर्धेचा विषय झाला. पहिल्या वर्षी सौदी अरेबियाचाच टीम फाल्कन्स पहिला आला, लिक्विड दुसरा. पैसा सौदी राजसत्तेच्या निधीचा, त्यामुळे नैतिक प्रश्न टळत नाहीत. २०२० मध्ये ‘लीग’च्या युरोपीय स्पर्धेने सौदीच्या निओम प्रकल्पाशी केलेला करार प्रेक्षक आणि समालोचकांच्या संतापामुळे दुसऱ्याच दिवशी मोडला होता, चार वर्षांनी त्याच खेळाचे सामने रियाधमध्ये रंगले. कोरड्या वर्षात आलेला नवा सावकार नाकारणे किती अवघड असते, हे शेतकऱ्यांच्या मुलखात वेगळे सांगायला नको.

दुसरे उत्तर आपल्या दारात आहे. फ्नॅटिकने २०१९ मध्ये ‘पब्जी मोबाइल’चा भारतीय संघ घेतला, २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारने त्या खेळावर बंदी घातली. त्याची भारतीय आवृत्ती २०२१ मध्ये आली, २०२२ च्या जुलैत दुकानांतून उतरवली गेली, २०२३ मध्ये परतली. मधल्या काळात ‘फ्री फायर’वरही बंदी आली. इथल्या क्लबाला दोन मालक आहेत, कंपनी आणि शासन. म्हणूनच एस८युएलसारख्या भारतीय क्लबाने चषकांइतकाच भर व्हिडिओ आणि चाहत्यांवर दिला. खेळ गेला तरी प्रेक्षक आपल्याकडेच राहावेत, हा त्यामागचा हिशेब. मुंबईत २०१७ मध्ये स्थापन झालेल्या ग्लोबल ई-स्पोर्ट्सने २०२२ मध्ये ‘व्हॅलोरंट’च्या पॅसिफिक विभागात भागीदार संघाची जागा मिळवली, त्याचे लीग सामने सोलमध्ये होतात आणि संघात परदेशी खेळाडूंचा भरणा असतो. क्लब मुंबईचा म्हणजे नेमका कशाने मुंबईचा, असा प्रश्न तिथेच उभा राहतो. २०२५ च्या ऑगस्टमधल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला त्यांपासून वेगळे काढून मान्यता दिली. जुगार आणि स्पर्धा यांची गल्लत करणाऱ्या पालकांना आणि पुढाऱ्यांना यातून निदान एक रेघ मिळाली. व्यसनाची चिंता त्याने संपत नाही; पण नियम, वेळापत्रक आणि प्रशिक्षक असलेल्या क्लबाला आणि रात्रभर एकट्याने चालणाऱ्या खेळाला एकाच तागडीत तोलू नये, इतके तरी मान्य व्हावे.

हे पुस्तक टीम लिक्विडचा गौरवग्रंथ नाही आणि व्हिडिओ गेम खेळायला शिकवणारी मार्गदर्शिकाही नाही. ज्याने कधी माऊस हातात धरून सामना खेळला नाही, त्यालाही वाचता यावे आणि जो रोज खेळतो त्याला आपल्या आवडत्या संघामागचा जमाखर्च दिसावा, असा त्याचा यत्न आहे. त्यात लिहिणाऱ्या लेखकांची मते सगळीकडे जुळत नाहीत. कुणाला खाजगी भांडवलात आशा दिसते, कुणाला खेळाडूंच्या संघटनेत. माझा कल कुठे आहे, ते सांगून थांबतो. लिक्विडच्या परिघात २००९ मध्ये ‘लिक्विपीडिया’ हा ‘स्टारक्राफ्ट’चा खुला कोश सुरू झाला. मुख्यतः स्वयंसेवकांनी विनामोबदला लिहिलेल्या त्या कोशात आज अनेक खेळांचे सामने, संघ आणि निकाल नोंदलेले आहेत, आणि जे क्लब लिक्विडशी मैदानात झुंजतात त्यांचे चाहतेही आपला इतिहास तिथेच शोधतात. जुन्या गावगाड्यात जमीन कुणाचीही असो, दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे, आणि त्याचे वजन सगळ्यांना ठाऊक होते. इथले दप्तर गावानेच लिहिले आहे, त्यामुळे ते सांभाळणाऱ्यावर जबाबदारी अधिक आहे. २०१८ मध्ये एका निवेदनाने मिटलेल्या त्या ‘हीरोज’ स्पर्धेचे निकाल, त्यात खेळलेल्या लिक्विडच्या संघासकट, अजून त्या कोशात वाचता येतात. मालकाने ते रान पडीक टाकले; तिथे कोण राबले होते याची नोंद मात्र कुळाच्या घरी आहे.